त्रिंकोमालीच्या धक्क्यावर मागे राहिलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकीय फौजा निघून गेल्यावर एखाद्या प्रांताची सुरक्षा कशी ढासळते, यावरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. जर्मन सैन्याने ऑक्टोबर 2013 मध्ये कुंदूझचा तळ अफगाणांच्या हवाली केला आणि पुरती दोन वर्षेही होत नाहीत तोच, 28 सप्टेंबर 2015 रोजी, ते शहर तालिबानच्या हाती पडले, हे लेखकाने नीट मांडले आहे. मात्र स्थानिक फौजेत लढण्याची जिद्दच नव्हती, हा त्यांचा निष्कर्ष मला पटला नाही, आणि न पटण्याचे कारण पुस्तकी नाही. शेजारच्या देशातील एका प्रांतातून माघारी आलेल्या परकीय फौजेत मी स्वतः हवालदार होतो. ती फौज आपली, भारताची होती.

29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानुसार आपली शांतिसेना तेथे गेली. उत्तर व पूर्व हे प्रांत जोडून तमिळांना प्रांतिक सरकार मिळायचे होते आणि सर्व सशस्त्र गटांनी हत्यारे खाली ठेवायची होती. स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या लिट्टे या संघटनेने ती ठेवली नाहीत व ऑक्टोबरातच तिच्याशी आमचे युद्ध जुंपले. मुंबईत जन्मलेले, आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच नोव्हेंबरात तेथे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, एवढे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. एकंदर सुमारे 1,200 जवान त्या बेटावर गेले. जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले, हेही त्याच खात्यावर मांडले पाहिजे. तेव्हा आम्ही तेथे सगळ्यांना हवेहवेसे होतो, असा आव मी आणणार नाही. कित्येक घरांत आमची गस्त दिसली की खिडक्या लागत.

प्रश्न होता तो आमच्या पाठीमागे काय उभे राहणार, याचा. नोव्हेंबर 1988 च्या निवडणुकीनंतर लिट्टेविरोधी तमिळ पक्षाचे वरदराज पेरुमाळ या जोडलेल्या प्रांताचे मुख्यमंत्री झाले खरे, पण त्यांच्या सरकारला ना स्वतःचे धड पोलीस होते ना हाती पुरेसा पैसा, आणि लिट्टेचा तर त्यांच्यावर दातच होता. हे सरकार आमच्या चौक्यांच्या आधारावर उभे होते. 1989 च्या आरंभी श्रीलंकेचे अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी आम्हांला परत जाण्यास सांगितले, लिट्टेशी बोलणी सुरू केली आणि आमच्याशी लढण्यासाठी त्यांना शस्त्रेही पुरवली. त्याच डिसेंबरात दिल्लीत सरकार बदलले व परतीची तारीख पक्की झाली. या मधल्या काळात प्रांतिक सरकारच्या बचावासाठी ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ या नावाचे एक दल घाईघाईने उभे करण्यात आले. त्याची भरती खुशीची नव्हती. रस्त्यावरून, बसमधून पोरे उतरवून आणली जात, थोडे दिवस कवायत होई आणि हातात बंदूक येई. यात आपलाही हात होता.

त्यातला एक मुलगा आमच्या चौकीच्या बाहेरच्या वळणावर पहाऱ्याला असे. वय फार तर सोळा. गणवेशाची पँट इतकी ढगळ, की कमरेला त्याने नायलॉनची दोरी बांधलेली आणि पायाशी चार घड्या घातलेल्या. त्याला हिंदी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते. लंगरातली पोळी दिली की ती तो दुमडून खिशात घालायचा, पुढ्यात कधी खात नसे. सुरुवातीला नुसता हसायचा. जानेवारीनंतर मात्र रोज बंदराकडे हात करून एकच विचारू लागला, “कप्पल? नाळै?” जहाज उद्या का? मी मान हलवून नाही म्हणायचो, आणि ते काही आठवडे खरेही होते.

माघार जिल्ह्याजिल्ह्याने झाली. अंपाराईसारख्या ज्या भागातून आम्ही आधी निघालो, तिथले या पोरांचे तळ पाठोपाठ पडले; काही मारले गेले, काही बंदुका टाकून पळाले. त्या बंदुका अर्थातच लिट्टेकडे गेल्या. 1 मार्च 1990 रोजी पेरुमाळांनी स्वतंत्र ईलमचा, म्हणजे तमिळ राष्ट्राचा, ठराव केला आणि ते भारतात निघून आले. त्यांच्या काही समर्थकांनाही आणून पुढे ओरिसात मलकानगिरीकडे ठेवण्यात आले. 24 मार्चला पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली बंदरातून आमची शेवटची तुकडी निघाली. (मद्रासच्या बंदरावर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत, याचा आमच्यापैकी पुष्कळांना राग होता. मला तेव्हा दुसरेच आठवत होते.) वळणावरचा तो मुलगा शेवटचा आठवडाभर दिसला नव्हता.

पुढचे तीन महिनेही शांततेचे गेले नाहीत. जूनमध्ये लिट्टे आणि कोलंबोचे श्रीलंका सरकार यांचा समेट मोडला. पूर्वेकडील ठाण्यांतल्या पोलिसांनी वरून आलेल्या आदेशाप्रमाणे शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यांतील 600 हून अधिक जणांना लिट्टेने नेऊन ठार केले. 19 जूनला पेरुमाळांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना खुद्द मद्रासमध्ये साथीदारांसह गोळ्या घातल्या गेल्या. 3 ऑगस्टच्या रात्री पूर्वेकडील काट्टानकुडी गावाच्या मशिदींत नमाजाला उभ्या असलेल्या शंभराहून अधिक मुसलमानांची लिट्टेने हत्या केली. ऑक्टोबरात लिट्टेने उत्तर प्रांतातून मुसलमानांना सरसकट हाकलले. जाफना शहरातल्यांना त्यासाठी दोन तास मिळाले. सत्तर हजारांच्या घरातली ही माणसे, त्यांतली बहुसंख्य पुत्तलमच्या छावण्यांत जाऊन पडली. सरकारी सैन्यानेही त्याच काळात पूर्वेकडे तमिळ तरुणांना छावण्यांतून उचलून नेले, ते परतले नाहीत.

आम्ही तेथेच राहायला हवे होते, असे मला म्हणायचे नाही. ज्या देशाने ‘जा’ म्हटले त्या देशात ठाण मांडून बसणे योग्य नव्हतेच. पण ‘जा’ म्हटल्यापासून शेवटचे जहाज सुटेपर्यंत नऊ-दहा महिने हाताशी होते. त्यात प्रांताचे कायदेशीर पोलीस दल उभे करण्यासाठी कोलंबोवर जोर लावता आला असता, निदान जबरदस्तीने आणलेली पोरे हत्यारे काढून घेऊन घरी पाठवता आली असती. आपण त्याऐवजी बंदुका वाटल्या आणि निघण्याची तारीख पाळली. ज्या सोळा वर्षांच्या मुलाला बसमधून उतरवून उभे केले, त्याच्या जिद्दीचा हिशेब तीस-पस्तीस वर्षांनी कोणी मांडू लागले, की मन विटते.

आपल्या लेखकांना विनंती, की लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात कुंदूझसोबत त्रिंकोमालीलाही एखादा रकाना द्यावा, आणि मलकानगिरीला ठेवलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले याचा शोध आपल्या वार्ताहरामार्फत जरूर घ्यावा. 

आपला,
एक माजी सैनिक,
कोरेगाव, जि. सातारा