'इम्युनिटी वाढवा' जरा थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत परत एकदा 'इम्युनिटी वाढवा' सांगणारा लेख आला आणि सोमवारपासून आमच्या सासऱ्यांचा काढा एकाचा दोन वेळा झाला. बारावीला बायोलॉजी शिकवते म्हणून राहवलं नाही. इम्युनिटी म्हणजे काय गॅसची शेगडी आहे का, नॉब फिरवला की मोठी?

आतड्याचंच बघा ना. तिथे रोज तीनेक ग्रॅम आयजीए नावाची अँटिबॉडी बाहेर पडते, शरीरात दुसरी कुठलीच एवढी बनत नाही, आणि ती काय दिसेल त्या बॅक्टेरियाला मारत सुटत नाही, नुसती चिकटते आणि आतड्याच्या अस्तरापासून लांब ठेवते. आता ती चांगली बनवणारे बी-सेल (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) कोणते, हे आतड्याच्या भिंतीतल्या पेयर्स पॅच नावाच्या पुंजक्यांमध्ये ठरतं, तिथे मदतनीस टी-सेल (ह्याही पांढऱ्या पेशीच) परीक्षकासारखे बसलेले असतात आणि त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानमध्ये सिदोनिया फागारासान ह्या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हा ब्रेकच नसलेले उंदीर तपासले. टी-सेल भरमसाट वाढलेले, परीक्षक जास्त झाल्यावर काय होणार, बी-सेल सगळे ढकलपास! आयजीए बनत होती, पण बॅक्टेरियाला धड चिकटेना. बायफिडोबॅक्टेरियासारखे गुणी गायब आणि नको ते माजले.

हा ब्रेक शोधणाऱ्या जपानच्याच तासुकु होंजोंना २०१८ चं नोबेल मिळालं, असा ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतात म्हणून. कॅन्सरच्या काही पेशंटना हा ब्रेक मुद्दाम सोडवणारी औषधं देतात, त्यात काहींना जुलाब लागतात, आतड्याला सूज येते. एवढी 'वाढलेली' इम्युनिटी हवीये का कोणाला?

छापायचंच असेल तर चिकाबद्दल छापा. नणंदेच्या बाळंतपणात पहिलं पिवळं दूध पिळून टाकायला निघाले होते सगळे, आणि त्याच घरात गाईच्या चिकाचा खरवस वाट्या वाट्या संपतो!! त्या पिवळ्या दुधात आयजीए ठासून भरलेली असते, बाळाला स्वतःची बनवायला काही आठवडे लागतात, तोवर आईचीच उसनी.

अर्धा कॉलम पुरे. काढ्याच्या जाहिरातीशेजारी दिलात तरी चालेल, सासरे ते पान आधी वाचतात.

आपली,
एक वाचक, सातारा