ओशाळलेला रोबो, गप्प झालेला तक्रारदार

महोदय,

रोबोला हसता-रुसता येऊ लागले की त्याचे कौतुक होते. समोरचा माणूस चिडलेला असताना त्या चेहऱ्याने काय करावे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सिंथिया ब्रेझील यांनी 'किस्मेट' हा नुसत्या डोक्याचा रोबो घडवला. शब्द न समजता, आवाजाचा चढउतार आणि जोर यांवरून तो कौतुक आणि दटावणी ओळखत असे. दटावले की मान खाली घाली. मग दटावणाऱ्याचाच सूर मऊ होई. फार जवळ गेले की तो मागे सरके आणि माणूसही मागे होई. प्रयोग म्हणून हे सुरेखच. पण तक्रार ऐकून घेणाऱ्या रोबोला हीच युक्ती शिकवली, तर चूक यंत्रणेची आणि ओशाळायचे तक्रारदाराने! याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

खरी गडबड होते ती वेळेत. गप्पांमध्ये एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला माणसांना साधारण ०.२ सेकंद लागतात. रोबो मात्र बोलणे संपल्याची खात्री करायला अर्धा-एक सेकंद शांतता शोधतो. चिडलेला माणूस वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला थांबतो आणि रोबो नेमका तिथे तोंड खुपसतो. म्हणून आवाज चढला की ही शांततेची मर्यादा दीड-दोन सेकंदांपर्यंत वाढवावी. मधल्या काळात मान किंचित हलवून 'ऐकतोय' एवढेच कळवावे. त्यातही एक मेख आहे. ओरडण्याने आवाज मायक्रोफोनच्या क्षमतेबाहेर जातो आणि त्याच्या लहरींची टोके कापली जातात, शब्द ओळखणे बिघडते आणि रोबो हसतमुखाने 'पुन्हा सांगाल का?' विचारतो. मायक्रोफोनची संवेदनशीलता आधीच थोडी कमी ठेवली तर हे बरेचसे टळते. शिवाय मोठा आवाज म्हणजे राग, असे थेट गृहीत धरू नये. कमी ऐकू येणारेही मोठ्याने बोलतात. राग ओळखायला तीच मागणी दुसऱ्यांदा आली का, हेही पाहावे.

माणूस चिडला की रोबोच्या हालचालींचा क्रम असा हवा: आधी चाके थांबवावीत, मग हात सावकाश खाली आणावेत. सर्व्हो मोटरने (रोबोचे सांधे हव्या त्या कोनात वळवणाऱ्या मोटरने) तीच हालचाल झटक्यात केली तर नम्रतेचाही हिसडा वाटतो. वेग हळूहळू वाढून हळूहळूच उतरला पाहिजे. माणूस हातभर अंतरावर असेल तर मागे जागा आहे याची खात्री करून थोडे सरकावे. 'नाओ' किंवा 'पेपर' (Pepper) यांसारख्या माणसाच्या आकाराच्या रोबोंचे ओठ हलत नाहीत. त्यांची भिस्त डोळ्यांच्या दिव्यांवर, मानेवर आणि हातांवर. ते दिवे लाल करू नयेत. यंत्रांवर लाल म्हणजे धोका, आणि समोरच्याला वाटते की हा उलट आपल्यावरच डोळे वटारतोय.

माफी एकदाच मागावी, तीही तक्रार एका वाक्यात परत सांगून झाल्यावर: 'पैसे कापले गेले, पावती आली नाही, बरोबर?' तिसऱ्या 'क्षमस्व'ला माणसाचा पारा चढतो, आणि तो चढायलाच हवा. खंत दाखवायचीच असेल तर तिच्यामागे नोंद, परतावा किंवा माणसाला बोलावणे यांपैकी काहीतरी खरोखर सुरू झालेले असावे. कर्मचारी आला की त्याच्या पडद्यावर ती तक्रार आधीच लिहिलेली दिसावी आणि रोबोने चेहरा निर्विकार ठेवून बाजूला व्हावे.

आपले,
मानव-रोबो संवादाची रचना करणारे काही अभियंते