लॅटिनो शेजाऱ्यांच्या जठराच्या कर्करोगावरील संशोधनासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपण कॅलिफोर्नियातल्या सेंट्रल व्हॅलीत राहतो. इथले टोमॅटो, द्राक्षं, बदाम ज्यांच्या हातून बाजारात येतात, ते बहुतेक शेतमजूर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, समाजात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. त्यांना तो कमी वयात गाठतो आणि पुष्कळदा ‘डिफ्यूज’ प्रकारचा असतो: ठसठशीत गाठ न धरता जठराच्या भिंतीत पसरत जाणारा, एंडोस्कोपीतही चटकन न सापडणारा. ॲसिडिटी समजून गोळ्या खाण्यात महिने निघून जातात. जपान-कोरियात यासाठी देशव्यापी तपासणी होते, इथे होत नाही.

आता औषध गाठीतली जनुकं आणि प्रथिनं तपासून ठरवतात. एचईआर-२ हे प्रथिन जास्त सापडलं तर ट्रास्टुझुमॅब, क्लॉडिन १८.२ हे प्रथिन असेल तर २०२४ मध्ये इथे मंजूर झालेलं झोल्बेटुक्सिमॅब, काही गाठींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधं. २०१४ मध्ये या कर्करोगाचे जे चार जनुकीय प्रकार ठरले, तेही अशाच अभ्यासातून. पण अशा अभ्यासांत लॅटिनो रुग्ण फारच थोडे होते. ज्यांच्या गाठी कुणी नीट तपासल्याच नाहीत, त्यांच्यासाठी नेमकं औषध शोधणार कसं? आम्हाला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

तो दूर करायचं काम आपल्या जवळच सुरू आहे. यूसी डेव्हिस या विद्यापीठात मूळचे कोलंबियाचे जनुकशास्त्रज्ञ डॉ. लुईस कार्वाहाल-कार्मोना लॅटिनो रुग्णांच्या कर्करोगाचा अभ्यास करतात. अशा संशोधनात रुग्णाच्या बायोप्सीतला तांदळाच्या कणीएवढा तुकडा थंड द्रावणात ठेवून लगोलग प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. तिथे त्यातल्या पेशी जेलमध्ये वाढवतात आणि त्यांच्यावर औषधं वापरून बघतात.

अडतं ते रुग्णाच्या येण्यापाशी. फ्रेस्नो शहराच्या पलीकडून डेव्हिसला यायचं म्हणजे पेट्रोल, एका रात्रीचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी. पुष्कळांना रजेचा पगार मिळत नाही, मग तपासणीच्या दिवशी घरात पैसा येत नाही. कित्येकांची भाषा तर स्पॅनिशही नाही, मेक्सिकोतल्या मूलनिवासींची मिश्तेको आहे. त्यांना लांबलचक संमतीपत्र समजावून द्यायला प्रशिक्षित दुभाषी लागतो. परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेले नातेवाईक आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. उपचारापर्यंत पोचणंच किती महाग पडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून मंडळाच्या सेवा समितीने प्रवास, मुक्काम, मजुरीची भरपाई आणि दुभाषी यांसाठी निधी सुरू केला आहे. अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे रुग्णाने ठरवायचं. त्याने नकार दिला तरी आपली मदत थांबणार नाही, यावर समिती ठाम आहे.

पंचवीस डॉलर द्या, अडीचशे द्या; पावती मिळेल. कंपनीत मॅचिंगची, म्हणजे आपल्या देणगीत कंपनीने तेवढीच भर घालण्याची, सोय असेल तर तो अर्ज न विसरता भरा, तीच रक्कम दुप्पट होते. आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी गाडी घेऊन येऊ शकणारेही हवे आहेत. शाळेत स्पॅनिश शिकलेल्या आपल्या मुलांनी रुग्णांना फोन करून तारखांची आठवण द्यावी. निदान आणि उपचार समजावण्याचं काम मात्र दुभाष्याकडेच राहील.

देणगी खजिनदारांकडे द्यावी आणि चेकवर ‘जठर कर्करोग निधी’ असं लिहावं. जमा-खर्चाचा हिशोब वार्षिक सभेत मांडला जाईल.

आपली,
सेवा समिती