आखाजीच्या सणाहून परतल्यावर आई-आबांना

तीर्थरूप आबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पुण्याला सुखरूप पोचले. डब्यातले मांडे दोन दिवस पुरले, पण ते काकूच्या हातचे आहेत हे पहिल्या घासालाच कळलं. आई, खापर तडकलं म्हणून यंदा घरी मांडे झाले नाहीत, असं तू सांगितलंस. निघायच्या आदल्या रात्री गोधडी काढायला माळ्यावर चढले, तेव्हा खापर पाहिलं. कुठे साधी चीरही नाही.

अडचण हातांची आहे, हो ना? पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा तर मनगटं आणि बोटं ठणठणीत लागतात. मग आठ दिवसांत जे जे नजरेआड केलं ते सगळं आठवत गेलं. चहाचा ग्लास तू दोन्ही तळव्यांत धरत होतीस. पोतेरं पिळायला मला हाक मारत होतीस. कासारणीने बांगड्या भरताना पंजा जरासा दाबला, तर केवढ्याने ओरडलीस! बोटांच्या मुळाशी असा आडवा दाब दिला की दुखतं का, हे डॉक्टरही बघतात.

तू म्हणशील, "वय व्हयनं आते." वयाने झिजणारे गुडघे आबांचे आहेत. शेतातून चालून आल्यावर दुखतात, बसलं की बरं वाटतं, सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांत जातो. तुझं उलटं आहे. पाचला उठतेस आणि ऊन ओट्यावर येईपर्यंत मूठ वळत नाही. काम करत गेलीस की हात मोकळे होतात. दुखतात ते बोटांचे लहान सांधे आणि मनगटं, तेही दोन्ही हातांचे. शिवाय दुपारी आडवी होतेस, हे तुझं कधीच नव्हतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं असंच सुरू झालं, तेव्हा ती 34 वर्षांची होती. तिच्यासोबत दवाखान्यात बसून बसून मी हे शिकले. तिला निघाला तो आमवात, डॉक्टर त्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीनपट जास्त होतो. तुला तोच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आबा, शेजारच्या बांधावरचं तणनाशक वाऱ्याने आपल्या कपाशीवर उडालं होतं, आठवतं? औषध खोटं नव्हतं, पडलं भलत्या जागी. या आजारात तसंच होतं. जंतूंना मारायची शरीराची ताकद आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, आणि सूज तशीच राहिली तर हाड आणि कुर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, खाते. मोठ्या आत्याची बोटं करंगळीकडे कशी कलली होती! सगळ्यांनी तेल चोळलं, शेकलं, वात म्हणून सोडून दिलं. एकदा वाकलेलं बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणूनच लक्षणं दिसल्यापासून तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असं या आजाराचे डॉक्टर सांगतात. आईचं संक्रांतीपासून चाललंय. तीन महिने होऊन गेले, म्हणून आता पावसाळ्यानंतर बघू, हे नको.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, असं आबा फोनवर म्हणाले. ती आर.ए. फॅक्टरची, म्हणजे याच आमवातासाठीची रक्ताची तपासणी. हा आजार असलेल्यांपैकी साधारण 20 ते 30 टक्के लोकांत ती निगेटिव्ह येते, आणि कधी धडधाकट म्हाताऱ्या माणसात पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांनी हाताने सांधे चाचपणं, हे सगळं मिळून निदान होतं. सुरुवातीला एक्स-रेही साफ दिसू शकतो. चिकुनगुन्यानंतरही सांधे असेच धरतात, तेव्हा मागच्या वर्षात कधी ताप आला होता ते आठवून ठेवा.

बाजाराच्या गावातल्या त्या इंजेक्शनबद्दल मला राग आहे. चार दिवस आई पळते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सोबतच्या बारक्या गोळ्या स्टेरॉइडच्या असतील असा माझा संशय आहे. स्टेरॉइड वाईट नाही, डॉक्टर मोजून-मापून देतातही. पण निदानाशिवाय घेतलं तर दुखणं झाकतं, आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस घेत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. रिकामी पाकिटं जपून आणा.

मैत्रिणीला आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाचं औषध दिलंय. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं. आईला लिहून दिलंच तर बाजाराचा दिवस ठरवून टाकू, म्हणजे विसरायला नको. मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं. "गरम औषध" म्हणून कुणी भिववलं तर मला फोन करा.

आई, आणखी थोडं विचारते, उत्तर खरं दे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? कळण्याची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही असं होतं का? थंडीत बोटं पांढरी, मग निळी पडतात का? तोंडात सारखे छाले, उन्हात गालांवर चट्टे, लघवीला फेस? हे याच जातीच्या दुसऱ्या आजारांत दिसतं, आणि यातलं काही काही नुसत्या सांध्यांवर थांबत नाही, मूत्रपिंड, फुप्फुसापर्यंत जातं. दादालाही सांग. तिशीच्या आत पहाटे कंबर धरते आणि चालल्यावर सुटते, हे पोती उचलल्याचं दुखणं वाटत नाही मला. त्यानेही एकदा दाखवावं.

नाशिकला संधिवाततज्ज्ञांकडे 14 तारखेची दुपारची वेळ घेतली आहे. मी परस्पर तिथे येते. आबा, पहाटेची बस धरू नका, तिचे हात मोकळे होऊ द्या. आई, बोटातली अंगठी आत्ताच तेल लावून काढ, सूज वाढली तर कापावी लागेल. आणि डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं तर सवयीने "बरं आहे" म्हणू नकोस.

तुमची,
ताई