त्रिपुरीला इकडे या

बँकॉक

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी नदीचं सांगते. वाईच्या माणसाला पाणी पाहिल्याशिवाय गाव कळत नाही. इथली नदी चाओ फ्राया. आपली कृष्णा घाटाला वळसा घालून शांतपणे पुढे जाते, ही मात्र दिवसभर राबते. एकाच लहानशा बोटीमागे माल भरलेल्या पडावांची लांबलचक रांग ओढली जात असते आणि त्यांच्या मधून वाट काढत माणसांच्या बोटी धावतात. शाळेतली मुलं, नोकरदार बाया, भाजीच्या टोपल्या, भगव्या वस्त्रांतले भिक्षू, सगळे एका बोटीत. भिक्षूंसाठी जागा राखून ठेवलेली असते. बोटीच्या मागच्या टोकाला उभा राहून एक पोरगा शिट्टी वाजवतो आणि त्या शिट्ट्यांच्या इशाऱ्यांवर चालक बोट अलगद धक्क्याला लावतो. तिकीटवाली बाई पत्र्याचा लांबट डबा खुळखुळवत फिरते. थोरल्याने आता घरात तीच नक्कल सुरू केली आहे.

शहराच्या मधून कालवेही आहेत. त्यांतला सेन सेप हा १८३७ साली खणायला घेतलेला, आणि आजही ऑफिसला जाणारी माणसं त्यातूनच जातात. पाणी काळं आहे, वासही येतो. उडणारं पाणी अंगावर येऊ नये म्हणून काठाशी बसलेले प्रवासी स्वतःच दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात. कुणाला सांगावं लागत नाही.

बाबा, तुम्हाला गर्दीची धास्ती आहे. गर्दी आहेच, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गणपतीत असते तशी आणि रोजची. सुखुमवित रस्त्यावर संध्याकाळी गाड्या हलत नाहीत. केशरी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले भाडं घेऊन गल्लीबोळांतून सुसाट जातात, आणि त्यांच्या मागे तुम्ही बसायचं नाही हे आत्ताच सांगून ठेवते. पण या गर्दीत हॉर्न जवळजवळ नाही. पहिल्या दिवशी विमानतळावरून येताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते हेच. रस्त्यावरच्या खांबांवरून धावणारी रेल्वे १९९९ पासून आहे. तिच्या फलाटावर लोक डब्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभे राहतात, उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात. धाकटी कडेवर असली की कुणीतरी उठून जागा देतंच. म्हाताऱ्या माणसांनाही देतात, मी मुद्दाम पाहत होते. मनात तुम्ही दोघं होतात.

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला बागेत, स्टेशनात राष्ट्रगीत लागतं. धावणारे, चालणारे, सगळे जागच्या जागी उभे राहतात. गीत संपलं की पुन्हा धावायला लागतात. मुलं आता आपणहून थांबतात.

इथे परकं वाटेल का, असं आई तू विचारत होतीस. घराघरांपुढे, मोठमोठ्या इमारतींच्या आवारातसुद्धा, खांबावर छोटंसं देऊळ असतं, त्या जागेच्या रक्षणकर्त्याचं. रोज फुलं, उदबत्ती, आणि लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून. हुआय क्वांगच्या चौकात गणपती आहे. थाई बायका ऑफिसला जाता जाता झेंडूच्या माळा, केळी, ऊस ठेवून हात जोडतात. चाचोएंगसाओ या शेजारच्या प्रांतात एक आडवा पहुडलेला गुलाबी गणपती आहे, चांगला चार-पाच मजले उंच. तिथल्या उंदराच्या एका कानात इच्छा सांगायची आणि त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, म्हणजे निरोप वाटेत सांडत नाही. धाकटीने उचलून घ्यायला लावून बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय ते सांगत नाही.

वाट फो देवळातला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं, आणि भिंतीशी १०८ पंचपात्रांची ओळ. त्यात एकेक नाणं टाकत जायचं. तो नाद गाभाऱ्यात सतत चालू असतो. आई, तुझी जपमाळ घेऊन तू तिथे तासभर बसशील.

राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ देवळाच्या ओवऱ्यांत रामायणाची १७८ चित्रं आहेत. सोन्याच्या रेघा, हिरवे राक्षस, वानरसेना. इथला मारुती पांढराशुभ्र आहे, आणि ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या मुलगी दगड पळवते, तो तिला पकडायला जातो आणि दोघांचं प्रेम जमतं. बाबा, तुम्ही रोज मारुतीस्तोत्र म्हणता, तुम्हाला हे रुचणार नाही. मलाही अवघडल्यासारखं झालं. पण शेजारी एक आजी नातवाला बोट दाखवून दाखवून तीच गोष्ट सांगत होती, इतक्या मायेने, की आपल्या मारुतीला इथे दुसरं घर मिळालं आहे एवढंच मनात राहिलं.

आता जेवण. हे नीट वाच, आई. भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, सॅलडमध्ये सुकी कोळंबी असते, तेव्हा बाहेर दिसेल ते खायचं नाही. मात्र पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की निर्धास्त बसायचं. तिथे मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही! साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास असं खाण्याचं व्रत नऊ दिवस चालतं आणि याओवारात ही चिनी पेठ पिवळ्या झेंड्यांनी भरून जाते. तुझ्या चातुर्मासाची सोय परदेशात अशी होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोहे, तूरडाळ पाहुरात या भारतीय पेठेत मिळतात, तिथे मोठा गुरुद्वारा आणि कापडाची दुकानं आहेत. तिथून चालत गेलं की फुलांचा बाजार, रात्रभर उघडा. झेंडूचे ढीग, आणि कमळाच्या कळ्या, ज्यांच्या पाकळ्या बायका एकेक दुमडून ठेवतात. तुला तिथून ओढून आणावं लागेल.

म्हणून मनापासून सांगते, कार्तिकी पौर्णिमेला या. त्या रात्री इथे लॉय क्राथोंगचा सण असतो. केळीच्या खुंटाची चकती, भोवती दुमडलेल्या पानांच्या पाकळ्या, मध्ये फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि ते नदीत सोडायचं. वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याची गंगामाईकडे क्षमा मागायची, असं शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. आपण घाटावर त्रिपुरीच्या पणत्या लावतो, बहुतेक वेळा त्याच रात्री. बहुतेक वर्षी तो नोव्हेंबरात येतो, पाऊस सरलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारी मात्र नको. तेव्हा हवेत धूळ आणि धूर फार साचतो, बाबांच्या छातीला ते झेपणार नाही.

मुंबईहून थेट विमान साडेचार तासांच्या आसपास. घड्याळ दीड तास पुढे. आमच्या स्टेशनात लिफ्ट आहे, मी पाहून ठेवलं आहे. येताना मेतकूट, गोडा मसाला, आणि बाबांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. देवळांत खांदे-गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा बाबा, अर्धी चड्डी नको. आणि चपला पटकन काढता येतील अशा.

तिकिटं जावई काढणार आहेत. तुम्ही दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून कळवा, प्रवासाच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने शिल्लक असायला हवी. आईचा बहुधा नवा करावा लागेल, तर या आठवड्यातच अर्ज भरा.

तुमची,
ताई