नर्स जागेवर, तर पेशंट का हलवायचा?

महोदय,

माझी आत्या बेळगावातल्या एका वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून आहे. लघवीचा संसर्ग झाला की फोन येतोच, "ताई, दवाखान्यात हलवा." आमच्याकडं बीपीएल कार्ड आहे, दाखल केलं तर आरोग्य कर्नाटक योजना आहे. पण तिथंच सलाईन लावायला नर्स बोलवली, तर पैसे आमच्या खिशातून. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं २०२३ मध्ये ठरलं, पण तिचाही भर दाखल झालेल्या पेशंटवरच.

अमेरिकेतही हेच त्रांगडं आहे. नर्सिंग होममधल्या कायमच्या मुक्कामाचा खर्च बहुतांशी मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी योजना) भरते आणि हॉस्पिटलचा मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा). शिवाय तीन दिवस हॉस्पिटलात राहून परतलेल्या पेशंटसाठी मेडिकेअर नर्सिंग होमला काही काळ जास्त दर देते. मग पेशंट हलवायला कोण नको म्हणेल?

२०१२ पासून तिथं काही नर्सिंग होममध्ये जादा नर्स आणि प्रशिक्षण दिलं गेलं, दाखल होणं घटलं. नंतर २०१६ ते २०२० न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग अशा सहा आजारांवर जागेवरच उपचार केल्यास वेगळे पैसे दिले. त्याचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. नुसता दर वाढवून भागत नाही, माणूस लागतो.

आपल्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सनं आठवड्यातून एकदा प्रत्येक वृद्धाश्रमात जावं, आणि त्या फेरीचे पैसे योजनेतून मिळावेत. आमदारांनी हा प्रश्न बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधिमंडळ अधिवेशनात मांडावा.

– एक वाचक, खानापूर