शिन्चूच्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तैवानमधलं हे शिन्चू शहर सोडून ताइनानला बहिणीकडे कायमच्या राहायला निघालात तेव्हा टॅक्सी खाली उभी होती, सामान चढत होतं, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. चिनी मला कामापुरतं येतं, पण आतलं सगळं सांगायला अजून मराठीच लागते. म्हणून पत्र मराठीत लिहिते आहे. ताइनानला आले की शेजारी बसून वाचून दाखवीन आणि ओळीओळीचा अर्थ सांगीन. ते सगळ्यांसमोर लिहिण्याचं कारण असं की माझ्यासारखी मराठी मुलं-मुली चिपच्या कामासाठी तैवानला येतात आणि तिकडे त्यांच्या आईवडिलांना झोप लागत नाही. इथे तुमच्यासारखी माणसं आहेत हे त्यांना कळायला हवं.

1980 साली तंत्रज्ञान कंपन्यांचं सायन्स पार्क सुरू झालं तेव्हापासून शिन्चूला परदेशी इंजिनिअरचं काही नवल उरलेलं नाही. पण परदेशी माणूस ऑफिसात असणं वेगळं आणि आपल्याच जिन्यात राहायला येणं वेगळं. घर शोधताना माझं मोडकंतोडकं चिनी ऐकून किती मालकांनी फोन ठेवून दिला! शेवटी हे घर मिळालं आणि खालच्या मजल्यावर तुम्ही. गल्लीतले सगळे तुम्हाला 'लाओशी', म्हणजे शिक्षिका, म्हणायचे. शाळेतून निवृत्त होऊनही तुमचा तो मान कायम होता. ओळख जेमतेम झाली होती, तरी करारनामा घेऊन माझ्याजवळ बसलात, एकेक कलम बोट ठेवून वाचलंत आणि विजेचा युनिटमागचा दर मालकाकडून कागदावर लिहून घेतलात.

मग कचरा. सांगलीला घंटागाडी दारात यायची, डबा दिला की झालं. इथे बीथोवनची धून ऐकू आली की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन कोपऱ्यावर. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, गाडी आली की आपल्या हाताने आत टाकायची. बाटल्या, डबे, पुठ्ठे मागच्या गाडीत. खरकटं आणि सालं-देठं वेगवेगळी, कारण एक डुकरांच्या खाद्याला जायचं आणि दुसरं खताला. मी ऑफिसातून परतेपर्यंत आमच्या गल्लीतली गाडी निघून गेलेली असायची. सुरुवातीला माझी पिशवी तुम्ही टाकलीत. मग एका संध्याकाळी उशिरा येणाऱ्या गाडीची वेळ आणि दोन गल्ल्या पलीकडचा कोपरा एका चिठ्ठीवर लिहून दिलात, आणि पहिल्या खेपेला शिन्चूच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात माझ्याबरोबर चालत आलात. तुमची मदत कायम अशीच होती. करून दिलंत थोडं, शेजारी उभं राहून माझ्याकडून करून घेतलंत पुष्कळ.

दवाखान्याचा दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. पहिल्याच हिवाळ्यात तापाने फणफणले होते. निघण्याआधी तुम्ही माझ्याकडून चार वाक्यं घोकून घेतलीत: ताप कालपासून आहे, घसा दुखतो, खोकला कोरडा आहे, औषधाची ॲलर्जी नाही. काउंटरवरची मुलगी साहजिकच तुमच्याशी बोलायला लागली. तुम्ही तिला हाताने थांबवलंत, माझ्याकडे बोट केलंत आणि दोन पावलं मागे सरकलात. मी आरोग्य विम्याचं कार्ड पुढे केलं, चारही वाक्यं म्हटली, नंबर घेतला. डॉक्टरांनी तीन दिवसांचं औषध दिलं, सकाळ-दुपार-रात्रीच्या वेगवेगळ्या पुड्यांमध्ये. (मुलांना इकडे पाठवणाऱ्यांसाठी सांगते: ही सरकारी विमा योजना 1995 पासून आहे, आणि रहिवासी कार्डावर नोकरी करणाऱ्या परदेशी माणसालाही ती रुजू झाल्यापासून लागू होते. पैशाच्या धास्तीने दुखणं अंगावर काढायची इथे गरज नाही.) त्यानंतर दवाखान्यात मी एकटी गेले. तुम्ही त्या दिवशी माझ्या वतीने बोलला असतात, तर पुढच्या प्रत्येक तापाला तुमचं दार वाजवत बसले असते.

खाण्याचंही तुम्हीच मार्गी लावलंत. मी अंडं खात नाही, दूध चालतं, कांदा-लसूण चालतो. तुमच्याकडचा देवळातला शाकाहार आपल्या चातुर्मासासारखा, कांदा-लसणाशिवायचा. त्यामुळे माझं गणित कुणालाच कळेना. सुपरमार्केटमध्ये पाकिटं उलटी करून शाकाहाराचे पाच प्रकार तुम्ही दाखवलेत, त्यातला फक्त दुधाचा कुठला ते ओळखायला शिकवलंत. तेवढं एक कळलं आणि किराणा सोपा झाला.

आणि तुमची शाळा! पहिलीच्या मुलांना पहिले दहा आठवडे शिकवतात ती 37 चिन्हांची बोपोमोफो, म्हणजे चिनी उच्चार लिहायची चिन्हं, तुम्ही मला शिकवलीत, तीही दर रविवारी, सोललेले पेरू पुढ्यात ठेवून. माझ्या ऑफिसात मीटिंगचं इंग्रजी मीटिंगपुरतं. खरं काम चालतं ते 'लाइन' या मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये, चिनीत. बोपोमोफोच्या कीबोर्डवर मी पहिलं वाक्य टाइप केलं तेव्हा टीममधल्या एकाने लगेच चिनीतच उत्तर दिलं, आणि त्या दिवसापासून दुपारच्या डब्याच्या ऑर्डरपासून टेस्टमधल्या बिघाडापर्यंत सगळं मला थेट कळायला लागलं. पगारवाढीपेक्षा मला त्याचं मोल जास्त आहे.

आकडे मात्र पावत्यांवर शिकले. इथे दुकानांच्या बहुतेक पावत्यांवर सरकारी लॉटरीचा नंबर असतो आणि विषम महिन्याच्या 25 तारखेला सोडत निघते. तुम्ही दोघींच्या पावत्या डब्यात साठवायचात, निकाल मोठ्याने वाचायचात आणि मी शेवटचे तीन आकडे जुळवायचे. 200 तैवानी डॉलर लागले की त्याचा सोयाबीनच्या दुधाचा नाश्ता. तुमचा वाचण्याचा वेग दर खेपेला थोडा वाढायचा, हे माझ्या लक्षात यायचं बरं का.

3 एप्रिल 2024. सकाळचे 7:58. भूकंपाचं केंद्र बेटाच्या दुसऱ्या बाजूला ह्वालियेनजवळ, तीव्रता 7.2, तरी शिन्चूत आमची इमारत करकरत होती. मी टेबलाखाली. हादरे थांबले तशी दारावर थाप पडली. तुमच्या एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हातात माझेच बूट, जिन्यातून उचलून आणलेले. आधी बूट घाल, काच फुटली असेल. 1999 चा भूकंप पाहिलेलं माणूस ते. तेव्हापासून माझ्या पलंगाखाली बूट आणि टॉर्च कायम असतात.

सांगलीत तेव्हा पहाटेचे साडेपाच. आई उठली, टीव्हीवर ती कललेली इमारत पाहिली आणि रडतच फोन केला. मी ठीक आहे म्हटलं तरी तिचा विश्वास बसेना. तुम्ही फोन माझ्या हातातून घेतलात. तुम्हाला मराठी येत नाही, तिला चिनी येत नाही. तुम्ही तिला घर दाखवलंत: भिंती, खिडकी, बंद केलेला गॅस, शाबूत राहिलेला कुकर. मग माझा हात धरून कॅमेऱ्यासमोर आणलात, तळवा दाखवलात, उलटा करून दाखवलात, दुसरा हातही तसाच. आई गप्प झाली आणि तिने तुम्हाला हात जोडले. तुम्हीही जोडलेत.

बाई, त्या पाच मिनिटांचे आभार मी कशाने मानू? आई आजही फोनवर आधी तुमची चौकशी करते, मग माझी.

ती मे महिन्यात येते आहे. हाय-स्पीड रेल्वेची तिकिटं मी काढते, शनिवारी सकाळी शिन्चूहून निघू आणि दुपारच्या आत तुमच्याकडे पोहोचू. तुमच्या बहिणीला आधी कल्पना द्या, आणि जेवायचा मोठा घाट घालू नका. आईला खोबऱ्याच्या वड्या आणायच्या आहेत. तुम्हाला गोड बेताचंच चालतं हे मी तिला सांगितलंय, तरी तिने विचारायला लावलंय: साखर निम्मी घातली तर चालेल ना?

तुमची,
वरच्या मजल्यावरची विद्यार्थिनी